यंत्र निम्मं रिकामं

बुधवारी नऊच्या कॉफीला यार्कोने विचारलं, “हिल्का, उद्या दोनच्या बैठकीला तुझा कागद घेऊन येशील ना?” ते ऐकून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या इल्मोने हातातला दालचिनीचा पाव न खाताच बशीत ठेवला.

“आणते की,” हिल्का म्हणाली.

“या खेपेला जरा खोलात जाऊन आण. म्हणजे... इल्मोचं काम यंत्रावर नेमकं कुठे अडतं, ते दिसेल असा.”

“बघते.”

एवढंच बोलणं झालं. त्या कार्यालयात एखाद्याची नोकरी जायची असली तरी ती अशीच, कॉफीच्या कपावरून हळू आवाजात जायची. यार्को साहेब होता खरा, पण आवाज चढवण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. सगळ्यांनी आपापले कप धुऊन पालथे घातले आणि आपापल्या खोल्या गाठल्या.

कार्यालयाचं काम नदीवरच्या बर्फाचा अंदाज देण्याचं. एप्रिल सरत आला की नदीवरचा गोठलेला थर फुटतो, बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढतात, एखाद्या वळणावर अडकून बसतात आणि मागचं पाणी लोकांच्या तळघरांत शिरतं. ते कुठे आणि कधी होईल, हे खालच्या गावांना रोज सकाळी सातला कळवायचं. ते गणित इल्मो कुर्ताक्कोचं, कार्यालयाच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे यंत्रावर, चालणारं. वय चौतीस, बोलणं कमी, सहा वर्षं कंत्राटावर. दर मे महिन्यात त्याची मुदत संपायची आणि दर मे महिन्यात यार्को ती वर्षाने वाढवायचा.

या हिवाळ्यापासून मात्र इल्मोचा अंदाज उशिरा येऊ लागला. आधी आठला, मग नऊला, मग दहाला. एकदा तर पावणेबाराला आला. तोवर खालच्या गावचा अग्निशमन प्रमुख स्वतःच काठी घेऊन बर्फ ठोकत फिरून आला होता, आणि त्याने यार्कोला फोनवर जे सुनावलं ते यार्कोने कुणालाही सांगितलं नाही.

“यंत्रच भरलेलं असतं. माझी पाळीच येत नाही,” असं इल्मोचं म्हणणं. हिल्का दर महिन्याला यंत्रावरच्या भाराचा जो कागद छापायची, त्याचं म्हणणं निराळं. कागद म्हणायचा, यंत्र निम्मं रिकामं आहे. आता कंत्राटावरचा माणूस एकीकडे आणि छापील टक्केवारी दुसरीकडे म्हटल्यावर लोक कुणावर विश्वास ठेवणार? हिल्काचाही कागदावरच होता. तिनेच तो तयार केला होता.

हिल्का वेस्तेरिनेन बासष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं तिने या इमारतीतले संगणक सांभाळले. पाच यंत्रं आली, चार गेली, आणि हिल्का होती तिथेच राहिली. ऑगस्टअखेर ती निवृत्त होणार होती. निवृत्तीनंतर काय करणार असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “झोपणार.” ऐकणारे हसायचे. ती थट्टा करत नव्हती. गेली दोन वर्षं ती सकाळी उठायची तीच संध्याकाळइतकी दमलेली.

मोठ्या संगणकावर दर क्षणाला शेकडो कामं चालू असतात. सगळ्यांना एकदम जागा मिळत नाही, म्हणून प्रत्येकाला प्राधान्याचा एक अंक असतो. उणे वीसपासून एकोणीसपर्यंत. अंक जितका लहान तितका मान मोठा, आणि ज्याचा अंक मोठा त्याने बाजूला थांबायचं. न सांगता मिळतो तो शून्य. मागे सरकायला कुणाची परवानगी लागत नाही, हवा तेवढा मोठा अंक आपणच घ्यावा. पुढे यायचं असेल तर मात्र हिल्काला विचारावं लागतं. एकतीस वर्षांत तिच्याकडे अशी मागणी घेऊन आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. इथल्या माणसाचा पाय कुणी तुडवला तरी तोच आधी माफी मागतो. मला पुढे घ्या, असं तो कसं म्हणणार?

सध्याचं यंत्र चार वर्षांपूर्वी आलं, तेव्हा हिल्काने एक छोटा प्रोग्राम लिहिला. ती त्याला हजेरीवाला म्हणायची. दर मिनिटाला त्याने उठायचं, कोण काम करतंय, कोण ताटकळतंय, कुणाचा अंक किती, हे पाहायचं, लिहून ठेवायचं आणि परत झोपायचं. दिवसाचे असे एक हजार चारशे चाळीस नमुने. महिन्याच्या शेवटी त्यांची सरासरी निघायची आणि कागदावर एक ओळ छापली जायची : यंत्रावरील भार, बावन्न टक्के. कधी एकावन्न, कधी चोपन्न. हा कागद मुख्यालयाला फार आवडायचा. त्याच्या जोरावर नवं यंत्र घेण्याचा विचार दोनदा बाजूला पडला होता. हिल्काचं एकदा कौतुकही झालं होतं. म्हणजे यार्को तिच्या दारात येऊन “बरं आहे हे,” असं म्हणून गेला होता.

तर बुधवारी जेवणानंतर हिल्का कागद तयार करायला बसली. यार्कोला या वेळी नुसती सरासरी नको होती, इल्मोची कामं दिसायला हवी होती. म्हणून तिने चार वर्षांत पहिल्यांदाच हजेरीवाल्याच्या मूळ नोंदी उघडल्या. एरवी त्या उघडण्याचं कारणच पडलं नव्हतं. सरासरी ठीक दिसत असली की नोंदी कोण चाळतं?

इल्मोचं गणित पहाटे चारला सुरू होतं. तेव्हा हवामानाचे ताजे आकडे येतात आणि सगळ्यांचीच कामं एकदम धावत सुटतात. हिल्काने मंगळवारची पहाट काढली. चार वाजताची नोंद होती. चार वाजून एक मिनिटाची होती. चार वाजून तीनची होती. त्याखालची ओळ दहा वाजून बावन्न मिनिटांची होती.

आपल्या हातून पान पुढे सरकलं असेल असं वाटून ती मागे गेली. पान सरकलं नव्हतं. तिने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत घातला. चार वाजून तीन, मग दहा वाजून बावन्न. तिने सोमवार पाहिला. शुक्रवार पाहिला. फेब्रुवारीतला एक दिवस पाहिला. कुठे चार वाजून पाच, कुठे चार वाजून दोन, आणि त्यानंतर पावणेअकरा-अकरापर्यंत काहीच नाही. मंगळवारचे नमुने तिने मोजायला लावले. हजाराच्या जरा वर भरले. चारशेहून अधिक मिनिटं हजेरीवाला उठलाच नव्हता.

तिने स्वतःचाच चार वर्षांपूर्वीचा प्रोग्राम उघडला. पानभरसुद्धा नव्हता. वरून तिसरी ओळ तिने वाचली आणि खुर्चीत मागे टेकली.

त्या ओळीत हजेरीवाल्याला सगळ्यांच्या मागे बसवलेलं होतं. एकोणीसच्याही मागे. दुसऱ्या कुणालाच जागा नको असेल तेव्हाच त्याने उठायचं. शेजारी तिच्याच शब्दांत शेरा होता : इतरांना त्रास नको. त्याखाली आणखी एक खबरदारी घेतलेली होती. नमुना घ्यायला दहा सेकंदांहून जास्त उशीर झाला तर तो टाकून द्यायचा, कारण उशिराचा नमुना भरवशाचा नसतो.

दोन्ही गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर शहाणपणाच्या होत्या. एकत्र झाल्यावर मात्र यंत्र भरलं की हजेरीवाल्याला पाळी मिळायची नाही, आणि चुकून मिळालीच तर उशीर झाला म्हणून तो आपली नोंद आपणच फाडून टाकायचा. यंत्र मोकळं झालं की उठायचा, इकडेतिकडे बघायचा आणि लिहायचा, सगळं निवांत आहे. जी मिनिटं राहिली, ती सरासरीत धरलीच जात नव्हती. किती नमुन्यांची ही सरासरी, हे कागदावर छापायचं तिला कधी सुचलं नव्हतं. चार वर्षं मुख्यालयापासून अग्निशमन दलापर्यंत सगळ्यांना तिने फक्त यंत्राचा विसावा मोजून दाखवला होता.

उर्मट माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. तो आपला प्रोग्राम सगळ्यांच्या पुढे बसवून मोकळा झाला असता आणि त्याचे आकडे खरे निघाले असते. हिल्काला स्वतःची इतकी लाज वाटली की खोलीत एकटी असूनही तिने पडद्यावरची ती ओळ हाताने झाकली.

मग दुसरा विचार आला, आणि तो आला याचीही तिला लाज वाटली. पण आला, आणि ठाण मांडून बसला. गुपचूप दुरुस्त करून टाकावं. पुढच्या महिन्यात कागदावर पासष्ट टक्के दिसतील. भार वाढला, असं म्हणायचं. ऑगस्टपर्यंत कोण विचारतंय? ऑगस्टनंतर विचारा खुशाल. मधल्या मध्ये इल्मोची मुदत वाढणार नाही, एवढंच. तरुण आहे, कुठेही मिळेल काहीतरी. ती इतकी दमली होती की असं काही न करणंसुद्धा तिला एक जास्तीचं काम वाटत होतं.

दोनची कॉफी तिने चुकवली. कुणी बोलवायला आलं नाही. इथे असं बोलवायला जात नाहीत.

सव्वातीनला तिने प्रोग्राम सुधारला. हजेरीवाल्याला सगळ्यांच्या पुढे बसवलं, आणि उशीर झाला तरी नोंद ठेवायची, किती उशीर झाला तेही लिहायचं, असं केलं. आता एक पहाट जाऊ दिली की पुरावा हातात येणार होता. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हीदेखील तिची एकतीस वर्षांची सवय. कोट चढवून ती निघाली.

वाटेत इल्मोच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तो हातात फोन धरून बसला होता. पायांचा आवाज ऐकून त्याने वर पाहिलं.

“काही हवं होतं का?”

हिल्का उंबऱ्यावर थांबली. सांगून टाकावं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. “तू फोनवर आहेस,” ती म्हणाली.

“अजून लावला नाही. बोल ना.”

“नको, तुझं चालू दे. उद्या बोलू. एक गोष्ट आधी नीट बघून घेते.”

“उद्याच्या कागदाचं का?”

“हो, तेच.”

“बरं,” इल्मो म्हणाला. तो क्षणभर तिच्याकडे तसाच बघत राहिला. “दमलेली दिसतेस, हिल्का.”

“ते रोजचंच,” ती म्हणाली, आणि त्याला अडचण नको म्हणून दार हलकेच ओढून घेऊन गेली.

गुरुवारी सातला ती कार्यालयात आली आणि कोट न काढता पडद्यापुढे बसली. हजेरीवाल्याने एकही मिनिट सोडलं नव्हतं. चार वाजून चार, चार वाजून पाच, ओळीखाली ओळ. यंत्राचे सगळे प्रोसेसर गच्च भरलेले आणि प्रत्येकामागे तीन-तीन, चार-चार कामं ताटकळत उभी. बावन्न टक्के कुठले, मुंगीला शिरायला जागा नव्हती.

शेजारच्या विभागातल्या बर्फमापनवाल्यांची कामं उणे पाच अंक लावून सगळ्यांच्या पुढे धावत होती. हा अंक त्यांना हिल्कानेच दिला होता, तीन वर्षांपूर्वी, फक्त दोन आठवड्यांच्या चाचणीसाठी. काढून घ्यायचं राहिलं होतं. बाकीच्यांचे शून्य होते. इल्मोची कामं तिला पटकन सापडेनात. ती खाली खाली गेली, तेव्हा तळाशी दिसली. अंक दहा. सगळ्यांच्या मागे, एकामागून एक, तासनतास नुसती उभी.

दहा? दहा तर तिने दिला नव्हता.

विचारायला ती त्याच्या खोलीत गेली, तर खोली रिकामी. गुरुवारी तो नदीवर बर्फाची जाडी मोजायला जायचा. गिरमिट आणि पट्टी घेऊन सहालाच निघाला होता. फोन करावा का? बर्फावर उभ्या असलेल्या माणसाला फोन करू नये, असं तिने स्वतःला समजावलं. मग सकाळभर बसून तिने चार वर्षांच्या नोंदींतली भगदाडं मोजली आणि यादी छापली. यादी अकरा पानं भरली.

गुरुवार म्हणून जेवायला वाटाण्याचं सूप आणि नंतर जाडसर धिरडं जामसोबत होतं. हिल्काने सूप ढवळलं आणि तसंच परत ठेवलं. इल्मो एक वाजता आला. बूट ओले, गाल वाऱ्याने लाल झालेले. त्याने दोन वाट्या सूप घेतलं आणि पोटभर जेवला. कित्येक आठवड्यांत तो असा जेवला नव्हता. हिल्काला त्याचं नवल वाटलं.

बैठकीला तिघंच होती. यार्कोने कॉफी ओतली, कप सरळ केले, खिडकीबाहेर पाहिलं आणि घसा साफ केला.

“खरं तर ही बैठक लवकरच आटपेल. इल्मोने सकाळी मला पत्र पाठवलंय. मेनंतर मुदत वाढवू नये, असं त्यानेच लिहिलंय. मला वाटतं, हे सगळ्यांच्याच दृष्टीने...”

“थांब,” हिल्का म्हणाली.

यार्को थांबला, कारण हिल्काने कुणाचं बोलणं मध्येच तोडल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिने अकरा पानं टेबलावर ठेवली.

“माझा कागद खोटा आहे. इल्मो खरं बोलत होता. यंत्र पहाटे चारपासून अकरापर्यंत भरलेलं असतं.”

“कुठल्या महिन्यातला कागद?”

“सगळे.”

तिने सगळं सांगितलं. हजेरीवाल्याला सगळ्यांच्या मागे बसवलं ते, उशिराचे नमुने टाकले ते, बर्फमापनवाल्यांचा अंक काढून घ्यायचा राहिला ते. समजायला अवघड असं त्यात काहीच नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. यार्कोला दोन मिनिटांत कळलं.

“म्हणजे अठ्ठेचाळीस महिने मी मुख्यालयाला...”

“हो.”

“आणि नवं यंत्र नको, असं आपणच दोनदा...”

“हो, यार्को. दोनदा.”

यार्कोने कॉफीचा घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला. इल्मोने पानं आपल्याकडे ओढली होती आणि एकेक ओळ बोटाने वाचत होता.

“एक मला कळलं नाही,” हिल्का त्याला म्हणाली. “तुझी कामं दहावर कशी? तुला शून्य होता.”

“मीच घेतला दहा. ऑक्टोबरात.”

“का पण?”

“तुझ्या कागदावर यंत्र निम्मं रिकामं होतं,” इल्मो म्हणाला. “रिकाम्या यंत्रावर मागे उभं राहिलं काय, पुढे राहिलं काय, सारखंच. म्हटलं, बाकीच्यांची तेवढीच सोय होईल.”

ऑक्टोबरात तो आपणहून मागे सरकला आणि डिसेंबरात त्याच्या अंदाजाला उशीर होऊ लागला. कुणी मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं.

यार्कोने कप खाली ठेवला. “ठीक आहे. मग असं करू. ते पत्र मी वाचलंच नाही. मुख्यालयाचं मी बघतो. इल्मो, तुझी मुदत वाढेल, आणि या वेळी कायम होईल असंही बघतो.”

“नको,” इल्मो म्हणाला.

“नको काय? अरे, तुझी काही चूकच नव्हती!”

“ते कळलं मला. पण मी शाळेला हो म्हटलंय. आमच्या गावच्या शाळेत गणिताचा मास्तर हवाय. महिनाभर मागे लागले होते. काल फोन करून कळवलं.”

“काल कधी?” हिल्काने विचारलं. उत्तर तिला विचारण्याआधीच कळलं होतं.

“साडेतीनला. तू दारातून गेलीस, त्यानंतर लगेच.”

हिल्काला वाटलं, आपण आत्ता रडणार. ऑफिसात ती कधी रडली नव्हती, नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नाही. तिने टेबलाची कड घट्ट धरली. पाच पावलं आत जाऊन चार वाक्यं बोलायची होती फक्त. त्याच्या फोनमध्ये व्यत्यय नको म्हणून दार ओढून घेतलं, तेही फोन लावायच्या आधी.

“फोन कर त्यांना परत,” यार्को म्हणाला. “सांग, परिस्थिती बदलली. समजून घेतील.”

“शब्द दिलाय. त्यांनी दुसऱ्या उमेदवाराला नकार कळवलाय.” इल्मोने पानं नीट जुळवून हिल्कापुढे सरकवली. “आणि नुसतं तेवढंच नाही. सांगू का? तुझ्यावर मी रागावलेलो नाही, हिल्का. रागवायलाही माणूस जरा ताजा लागतो.”

“रागाव,” ती म्हणाली. “बरं वाटेल मला.”

“तू खोटारडी असतीस ना, तर मी भांडलो असतो. पण तू खोटं बोलत नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही. म्हणून मी स्वतःलाच खोटं ठरवलं. सगळा हिवाळा माझ्या गणितात चूक शोधत बसलो. जे भाग जड वाटले ते काढून टाकले. खडकाचं वळण काढलं.”

“वळण काढलंस?” यार्को ताडकन सरळ झाला. दर दोन-तीन वर्षांनी बर्फ अडकायचा तो त्याच वळणावर.

“फेब्रुवारीत. तेच सगळ्यात जास्त वेळ खायचं. त्याच्या जागी एक अंदाजपंचे आकडा घातला. यार्को, तुला लिहून कळवलं होतं, तू वाचलं नसशील. आणि तरीही उशीर होतच राहिला. तेव्हा मात्र वाटलं, झालं, हे आपल्याला झेपणारं कामच नाही. आता हिल्का, तू म्हणतेस, झेपत होतं. पण इतके महिने एक गोष्ट मनाशी घोकल्यावर ती अशी एका दुपारीत जात नाही.”

यार्को उठला, दोन वेळा दारापर्यंत गेला आणि परत आला. मग मुख्यालयाला फोन करतो म्हणून निघून गेला. खोलीत ती दोघं उरली.

“मला माफ कर,” हिल्का म्हणाली. “मी काल सांगायला हवं होतं. चार वर्षांपूर्वी बघायला हवं होतं, पण निदान काल तरी सांगायला हवं होतं.”

“हो,” इल्मो म्हणाला. “काल सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.”

त्याने तिला माफ केलं की नाही, हे त्यावरून कळत नव्हतं. पुन्हा विचारायचा धीर तिला झाला नाही.

“वळण परत घाल,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “जुनं पूर्ण गणित आहे ना तुझ्याकडे? उद्या पहाटे तेच लाव. मी तुला पुढे घेते. उणे दहा.”

“आणि बाकीच्यांचं?”

“थांबतील.”

“बर्फमापनवाले ओरडतील.”

“ओरडू देत,” हिल्का म्हणाली. “मला फोन करू देत त्यांना. माझा नंबर आहे त्यांच्याकडे.”

शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी गणित पूर्ण झालं. सातला अजून पन्नास मिनिटं होती. दोघं इल्मोच्या खोलीत पडद्यासमोर उभी होती. बाहेर चांगलं उजाडलेलं होतं आणि वाहनतळावरचा बर्फ काळवंडून पातळ झाला होता. बर्फमापनवाल्यांकडून कुणाचाही फोन आला नव्हता. आपलं काम का रखडलं, हे विचारायलासुद्धा त्यांना संकोच वाटत असावा.

खडकाचं वळण नकाशावर लाल झालं होतं. रविवारी दुपारनंतर तिथे बर्फ अडकणार होता आणि पाणी दीड मीटर चढणार होतं. आदल्या दिवशीच्या कापलेल्या गणितात यातलं काहीच नव्हतं. इल्मोने गुरुवारी नदीवर मोजलेले जाडीचे आकडे काढून शेजारी ठेवले. एकेक जुळत होता. त्याने अंदाज खालच्या गावांना पाठवला आणि अग्निशमन प्रमुखाला वेगळा फोन केला. पलीकडून काय बोलणं झालं ते हिल्काला ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ चाललं आणि त्यात कुणी ओरडलं नाही.

फोन ठेवल्यावरही तो पडद्याकडेच बघत राहिला.

“म्हणजे हे बरोबर होतं,” तो म्हणाला.

“पहिल्यापासून बरोबर होतं.”

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू येऊ पाहत होतं, असं हिल्काला वाटलं. त्याला राहायला सांगावं, हात जोडावेत, शाळेला आपण स्वतः फोन करू म्हणावं, असं सगळं तिच्या मनात एकदम आलं. ती तोंड उघडणार, एवढ्यात त्याने टेबलाखालची खुर्ची ओढून तिच्यापुढे केली आणि एक कोरी वही काढली.

“बस,” तो म्हणाला. “मेअखेरपर्यंत हे कुणाला तरी शिकवून जायला हवं. सध्या तरी तूच दिसतेस.”